केडगावच्या प्रार्थनेमागचा इतिहास

ख्रिस्ती सेवाकार्यांच्या मासिक पत्रांत कामाचा वृत्तांत असतो आणि त्याच्या शेवटी प्रार्थनेच्या विनंत्या असतात. कोणी आजारी असतो, कुठे इमारतीचे काम अडलेले असते, कुठे नवी मंडळी उभी राहत असते. पत्र वाचणारा शेकडो मैलांवरून रोज त्या गोष्टी देवापुढे ठेवतो आणि त्या कामाचा भागीदार होतो. ही रीत पौलाच्या काळाइतकी जुनी आहे. फिलिप्पैच्या मंडळीने त्याच्यासाठी तुरुंगात एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली. पौलाने त्या मदतीचे आभार मानले आणि तिच्याइतकाच त्यांच्या प्रार्थनेवरही आपला भरवसा असल्याचे लिहिले.

आधुनिक काळात या रीतीला शिस्त आणली ती इंग्लंडमधल्या काही लहान बॅप्टिस्ट मंडळ्यांनी. १७८४ मध्ये नॉर्थॅम्प्टन परिसरातल्या पाळकांनी ठरवले की दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सर्वांनी सुवार्तेच्या प्रसारासाठी प्रार्थनेला बसायचे. त्याच वर्तुळातून १७९२ मध्ये मिशनरी संस्था निघाली आणि पुढच्या वर्षी विल्यम कॅरी बंगालला आला. मराठी माणसाने त्या सोमवारांची आठवण ठेवावी असे मला वाटते, कारण १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८११ चा मराठी नवा करार कॅरीच्याच बंगालमधल्या श्रीरामपूरहून छापून आले.

दुसरा धागा ब्रिस्टलचा आहे. जॉर्ज म्युलर यांनी १८३६ मध्ये तिथे अनाथाश्रम सुरू केला. कोणाही माणसाकडे पैसे मागायचे नाहीत, गरज फक्त देवाला सांगायची, हा त्यांचा नेम होता. १८७० पर्यंत अ‍ॅशली डाउनवर पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या आणि दोन हजारांवर मुलांची सोय झाली. म्युलर दर वर्षी पैचा हिशेब छापत. देवावर विसंबणे म्हणजे हिशेबात ढिलाई, असे त्यांच्याकडे कधीच नव्हते.

म्युलर यांच्यासारख्यांची चरित्रे पुढे पंडिता रमाबाईंच्या हाती आली. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ चा असला तरी ख्रिस्तावरचा जिवंत विश्वास आपल्याला १८९१ च्या सुमारास गवसला, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. त्या काळी विधवा आणि मुलींसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदनाचा खर्च बॉस्टनची रमाबाई असोसिएशन दहा वर्षांच्या वचनाने उचलत होती. रमाबाई आपल्या मुलीसोबत प्रार्थना करत तेव्हा सदनातल्या मुलीही येऊन बसू लागल्या. त्यावरून पुण्यात वादळ उठले आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. म्युलर आणि चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर यांच्याविषयी वाचून रमाबाईंना प्रश्न पडला: इतर देशांत जसा देवावर भरवसा टाकता येतो, तसा भारतात का येऊ नये?

त्याचे उत्तर द्यायची वेळ लवकरच आली. १८९६ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, तोच पुण्यात प्लेग आला. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेतलेल्या माळरानावर त्यांची ‘मुक्ती’ ही आश्रयसंस्था उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या मुलींची आणि स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. अमेरिकेतली मदत थांबली नव्हती, पण एवढ्या माणसांना पुरेल अशी ठरलेली रक्कम कोणीच देत नव्हते. मुक्तीतून ‘प्रेयर बेल’ नावाचे पत्रक निघे. त्यातून दूरदेशीच्या प्रार्थना करणाऱ्यांना इथली खबर मिळे.

रमाबाईंचे खरे मोठेपण मला पुढच्या पावलात दिसते. ज्या मुलींसाठी जग प्रार्थना करत होते, त्याच मुलींना त्यांनी प्रार्थनेला बसवले. ऑस्ट्रेलियातल्या घरोघरच्या प्रार्थनामंडळांची बातमी ऐकून त्यांनी आपली मुलगी मनोरमा आणि मुक्तीतल्या अमेरिकन सहकारी मिनी एब्रम्स यांना तिकडे पाठवले होते. जानेवारी १९०५ मध्ये केडगावला विशेष प्रार्थना सुरू झाली तेव्हा सुमारे सत्तर जणी होत्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. गावोगाव जाऊन सुवार्ता सांगायला कोण तयार आहे, असे रमाबाईंनी विचारले आणि तीस मुली पुढे आल्या. जूनच्या अखेरीस त्यांच्यातच संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, पेटले. रडणे, पापाची कबुली, स्तुती यांनी वसतिगृहे भरून गेली. दुष्काळात आईबाप गमावलेल्या या पोरी आता अनोळखी लोकांची नावे घेऊन मध्यस्थीची प्रार्थना करत होत्या. दानाच्या भाकरीवर वाढलेल्या मुलींना दुसऱ्यांचा भार उचलायला शिकवणे हे मला मुक्तीच्या कोणत्याही इमारतीपेक्षा मोठे काम वाटते.

मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली. त्यांची शिकागोतली जुनी सोबतीण मे हूवर तेव्हा पतीसह चिलीतल्या वाल्पराइसो शहरी मेथडिस्ट मंडळीत सेवा करत होती. पुस्तिका तिच्याकडे पोचली, हूवर दांपत्याने ती वाचली आणि त्यांची मंडळीही तसेच संजीवन देवाकडे मागू लागली. १९०९ मध्ये तिथे जे संजीवन झाले, त्यातून चिलीची पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारी, चळवळ उभी राहिली.