उड्डाणानंतर इंजिन बंद पडणे (एकइंजिनी हलकी विमाने)

जमीन सोडल्यावर, पुरेशी उंची हाती येण्याआधीच विमानाचे एकुलते एक इंजिन बंद पडणे ही आणीबाणी. इंधनात उतरलेले पाणी, बंद राहिलेला इंधन-कॉक, कार्ब्युरेटरमध्ये धरलेला बर्फ अशी कारणे असतात. त्यांचा शोध तेव्हा दुय्यम ठरतो.

चढताना नाक वर असते, त्यामुळे जोर जाताच वेग काही सेकंदांत ओसरतो. म्हणून आधी नाक खाली. सेस्ना 172 या चार आसनी विमानात साधारण 65 नॉट (ताशी सागरी मैल) राखायचे आणि समोर, डावी-उजवीकडे सुमारे 30 अंशांत मिळेल ती जागा धरायची. टेकण्यापूर्वी इंधन व मॅग्नेटो (इंजिनला ठिणगी देणारे यंत्र) बंद, दारांच्या कड्या सैल. विमानाची वीज तोडणारा मास्टर स्विच मात्र फ्लॅप (कमी वेगात उतरण्यासाठी पंखांच्या मागून खाली येणाऱ्या झडपा) उतरल्यावरच बंद, कारण फ्लॅप विजेवर चालतात.

वाद आहे तो धावपट्टीकडे परत वळण्याचा. 180 अंश वळलेले विमान धावपट्टीला समांतर येते, तिच्यावर नाही; म्हणजे वळण आणखी वाढते. 45 अंश बाजूला कललेल्या वळणात स्टॉलचा वेग (ज्याखाली पंखांची उचल तुटते) सुमारे 19 टक्क्यांनी चढतो. अशा वेळी घाबरून नाक ओढले की स्टॉल, मागोमाग स्पिन (गिरक्या घेत कोसळणे). समोरचा वाराही पाठीवर येतो: 10 नॉट वाऱ्यात 35 नॉटने जमिनीला लागले असते ते विमान 55 ने लागते, आणि ऊर्जा जवळपास अडीचपट होते. किती उंचीनंतर वळायचे, किंवा वळायचेच नाही, हे विमान, वजन आणि वारा पाहून उड्डाणाआधीच ठरवावे लागते.

कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ सुमारे 2,000 फुटांवर आहे. 38 अंशांच्या दुपारी तिथली हवा 5,000 फुटांवरच्याइतकी विरळ होते आणि चढ मंदावतो. भोवती ऊस. उभ्या उसात उतरायचे तर शेंडे हीच जमीन मानून कमीत कमी वेगाने टेकावे. तोडणी झालेले रान त्याहून बरे, पण सरीच्या लांबीने. आडवे गेल्यास नाकाचे चाक मोडून विमान उलटू शकते. पावसाळ्यात काळ्या रानात चाके रुततात. गळीत हंगामात तर मागच्या आठवड्याचा फड या आठवड्यात मोकळे रान झालेला असतो, त्यामुळे जागांची उजळणी पुन्हा करावी लागते. जवळचा पुणे-बंगळूर महामार्ग वरून सोयीचा वाटतो, पण वाहने आणि आडव्या तारा तिथे असतातच. शेतपंपांच्या तारा तर जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. नजर खांबांच्या ओळींवर ठेवावी.