मशिदीमागच्या गल्ल्या: शिआनच्या खाद्यफेरीची पार्श्वभूमी

चीनमधल्या शिआन शहरात गाइडबरोबर पायी फिरत खायच्या ज्या फेऱ्या निघतात, त्यातल्या बऱ्याच नगारखान्याजवळून सुरू होतात. ही इमारत १३८० ची, मिंग राजवटीतली. तिच्यामागे बैयुआनमेन रस्ता लागतो: काडीला टोचलेलं मटण, डाळिंबाचा रस आणि फोटो काढणाऱ्यांची झुंबड. इथे गाइड हमखास रेशीम मार्गाची आणि तांग बादशहांची गोष्ट सांगतो. गोष्ट खरी आहे, पण अर्धीच.

शिआन म्हणजे तांगकाळातलं (६१८-९०७) चांगआन. ह्युएन त्संग भारतात, आपल्या महाराष्ट्रातही, फिरून ६४५ मध्ये परतला तो इथेच. इथल्या पश्चिम बाजारात मध्य आशियातले व्यापारी उतरत आणि त्यांची तीळ लावलेली रोटीही लोकांच्या आवडीची होती. मात्र रात्री हमरस्त्यावर खाण्याची गाडी लावायची सोय नव्हती. शहर १०८ तटबंद वस्त्यांत वाटलेलं. संध्याकाळी नगारे वाजले की वस्त्यांची दारं बंद आणि त्यानंतर रस्त्यावर सापडेल त्याला वीस फटके. रात्रबाजार खरा फुलला तो पुढे सोंग राजवटीत, कैफेंग शहरात. ९६५ मध्ये तिथे मध्यरात्रीच्या सुमारापर्यंत बाजार चालू ठेवायची मुभा मिळाली.

शिआनच्या आजच्या गल्ल्यांचा इतिहास त्याहून अलीकडचा आहे, आणि कडवटही. १८६२ मध्ये शिआन ज्यात येतं त्या शान्शी प्रांतात हुई, म्हणजे चिनी बोलणाऱ्या मुस्लिमांचा उठाव झाला. तो मोडून काढताना हुईंची गावंच्या गावं ओस पडली. जे जगले त्यांना पश्चिमेला कान्सू प्रांताकडे हाकललं गेलं. शिआनच्या तटाच्या आत राहणारे हुई तेवढे मागे उरले. मोठ्या मशिदीच्या आसपास (तिची सध्याची वास्तू १३९२ ची मानतात) ते दाटीवाटीने राहिले. खाटीककाम, खानावळ, मिठाई हे त्यांचे धंदे. माझ्या मते फेरीत सांगायची खरी गोष्ट हीच, पण खाण्याच्या आनंदात ती सांगायला कोण धजावणार?

या वस्तीचा मानाचा पदार्थ म्हणजे यांगरोऊ पाओमो. वाडग्यात आधी नुसती घट्ट, अर्धवट फुगलेली रोटी मिळते. गिऱ्हाइकाने ती स्वतः वाटाण्याएवढी कुस्करायची. मग वाडगा क्रमांकाच्या बिल्ल्यासह आत जातो आणि मटणाच्या रश्श्यात शिजून परत येतो. सोबत गोडसर मुरवलेला लसूण आणि मिरचीचा ठेचा. आपण भाकरी रश्श्यात कुस्करतो तसंच, फक्त इथे कुस्करल्यावर पुन्हा चूल. तुकडे मोठे ठेवणारा नवखा लगेच ओळखू येतो, कारण त्याची रोटी आत कोरडीच राहते.

१९५० च्या दशकात खाजगी दुकानं सरकारी-सहकारी व्यवस्थेत गेली. १९५५ पासून धान्याची कुपनं आली, ती १९९३ पर्यंत टिकली. रोटी घ्यायलाही कुपन लागे, तिथे रस्त्यावरच्या चैनीचं काय बोलायचं! १९७८ नंतर आर्थिक सुधारणा झाल्या आणि घरच्या घरी धंदा काढायला परवानगी मिळाली. हुई कुटुंबांनी राहत्या घराच्या पुढच्या खोलीतच चुली मांडल्या. १९७४ मध्ये शहराबाहेर चीनच्या पहिल्या सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेले मातीचे सैनिक सापडले होते, १९७९ मध्ये त्यांचं संग्रहालय उघडलं आणि परदेशी पाहुण्यांची रीघ लागली. सैनिक दिवसा पाहून होत, संध्याकाळ मोकळीच राही. पर्यटनाला जोडून पुढे खाद्यफेऱ्या आल्या, त्याची एक वाट ही.

बैयुआनमेनला गर्दी वाढली तसे जाणते गाइड पश्चिमेला साजिनच्याओकडे वळले. तिथे सकाळी लाल चिनी बोरांचा आणि चिकट तांदळाचा वाफवलेला झंगगाओ मिळतो, आणि हुलाथांग नावाचं मिरीचं दाट सूप. हे सूप मूळ हेनान प्रांताचं, पण इथे त्यात गोमांसाचे गोळे घालतात. डुकराचं मांस या वस्तीत मिळत नाही, दारूही बऱ्याच दुकानांत चालत नाही. त्यामुळे डुकराच्या मांसाचा, शहरभर प्रसिद्ध असलेला रोउजियामो (मांस भरलेली रोटी) हवा असेल, तर गाइडला पाहुण्यांना घेऊन मशिदीच्या गल्ल्यांबाहेर पडावं लागतं.