पोरगं चालत नाही, की त्याला चालता येत नाही?

"कालपासून हा पाऊलच टाकत नाही," म्हणत आई पाच-सहा वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन दवाखान्यात येते. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते) रुग्ण वाढले, तेव्हापासून घरच्यांच्या तोंडी पहिलं नाव तेच असतं. फ्लूच्या दिवसांत मात्र पुष्कळदा निघतो व्हायरल मायोसायटिस, म्हणजे स्नायूंची सूज.

आधी आजारपण दोन्हींत होऊन गेलेलं असतं. मायोसायटिसमध्ये ताप उतरतो न उतरतो तोच पोटऱ्या धरतात. जीबीएसमध्ये मधे एक ते चार आठवडे जातात, त्यामुळे मागचे जुलाब आई विचारल्याशिवाय सांगत नाही.

मग पोराला उभं करायचं. मायोसायटिसवालं टाचा टेकवत नाही, चवड्यांवर चालतं, पोटरी दाबली की किंचाळतं. ताकद शाबूत असते, दुखतं म्हणून ते पाय वापरत नाही. जीबीएसमध्ये ताकदच जाते, तीही दोन्ही पायांची जवळपास सारखी, आणि लुळेपणा वर चढत जातो. फसगत होते ती इथे: जीबीएसमध्येही मुलांचे पाय आणि पाठ खूप दुखते. मुंग्या येतात हे लहान पोराला सांगता येत नाही, ते नुसतं रडतं. म्हणून माझा भरवसा डॉक्टरी रबरी हातोडीवर. गुडघ्याखाली ठोकल्यावर मायोसायटिसमध्ये पाय उडतो, जीबीएसमध्ये सहसा ढिम्म राहतो. पहिल्या एक-दोन दिवसांत उडूही शकतो, तेव्हा संध्याकाळी परत ठोकून बघायचं.

मायोसायटिसमध्ये रक्तातलं सीपीके, म्हणजे दुखावलेल्या स्नायूंतून रक्तात येणारं एन्झाइम, हजारांत जातं. जीबीएसमध्ये पाठीच्या मणक्यातून सुईने काढलेल्या पाण्यात प्रथिनं वाढतात, पेशी वाढत नाहीत. पण पहिल्या आठवड्यात तो रिपोर्ट नॉर्मलही येतो.

मायोसायटिसचं पोर आराम आणि भरपूर पाणी यांवर आठवड्याभरात पळायला लागतं. लघवी चहासारखी झाली तर मात्र लगेच सांगायचं. जीबीएस चार आठवड्यांपर्यंत वाढू शकतो, श्वासाचे स्नायूही धरतो. म्हणून आम्ही पोराला एका दमात आकडे म्हणायला लावतो. सकाळी वीसपर्यंत गेलेलं दुपारी बारावर थांबलं, तर आयसीयूत खाट बघायची. औषध आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायच्या अँटीबॉडीज, वजनाच्या किलोमागे एकूण 2 ग्रॅम. स्टेरॉइडचा इथे उपयोग नाही.

आणखी एक. 15 वर्षांखालच्या मुलाला असा अचानक लुळेपणा आला की पोलिओच्या देखरेखीसाठी शीचे दोन नमुने, 24 तासांच्या अंतराने, 14 दिवसांच्या आत घेतले जातात. "दुखणं पायाचं, शी कशाला?" असं बाप विचारतोच. पोलिओ म्हटलं की चेहरा उतरतो. भारतात रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण 2011 मध्ये हावड्यात सापडला होता, हे सांगितल्यावर तो डबी हातात घेतो.