बीटाचा रंग पाण्यात उतरतो, तो भेसळीचा नव्हे

‘बीट चिरून पाण्यात टाकल्यावर पाणी लाल झाले, तर त्याला रंगाचे इंजेक्शन दिलेले आहे,’ असा संदेश अनेक वर्षे फिरतो आहे. मुलांच्या पोटात काय जाते याची काळजी त्यामागे आहे आणि ती रास्तच आहे. पण ही कसोटी चुकीची आहे.

बीटाचा लाल रंग बीटानिन या नैसर्गिक द्रव्याचा असून ते पाण्यात सहज विरघळते. ते पेशींच्या आत साठलेले असते, त्यामुळे सुरी फिरली की पेशी फुटतात आणि रंग बाहेर येतो. उष्णतेनेही पेशींची आवरणे सैल होतात.

खात्री घरीच करता येते. कुंडीत बी पेरल्यावर साधारण दोन महिन्यांनी बीट उपटावे, म्हणजे रंग कोणी घातला ही शंकाच उरत नाही. त्यातले एक चिरून पाण्यात ठेवावे: पाणी लालभडक होईल. दुसरे न सोलता, शेपटी आणि दोन बोटे देठ राखून अख्खे उकडावे: पाणी बरेच फिके राहील आणि आडव्या कापावर गडद-फिकी वर्तुळे स्पष्ट दिसतील. कोशिंबिरीसाठी मी बीट असेच उकडते, कारण रंग आणि गोडी दोन्ही आतच राहतात.