तावला आणि तादे

बेळगावात शहापुरातल्या आमच्या गच्चीच्या कठड्यावर सकाळी कावळा येऊन बसतो. माझी अडीच वर्षांची भाची बोट दाखवून ओरडते, "आज्जी, तावला!" पलीकडच्या गच्चीवरून कन्नड अक्का विचारतात, "एनदु?" लगेच उत्तर जातं, "तादे!" कन्नडमध्ये कावळ्याला 'कागे' म्हणतात.

आईला काळजी वाटते. "दोन दोन भाषा कानावर पडायल्यात, पोरीची जीभ गोंधळली बघ. कन्नड बंद करा की." बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी घरांत हेच बोललं जातं, आणि दर वेळी माझा जीव तुटतो. कारण पोर मुळीच गोंधळलेली नाही.

वर्णमालेचा तक्ता आठवा. क-वर्गाची ओळ उचलून तिनं त-वर्गाच्या ओळीवर नेऊन ठेवलीय, तीही घर न चुकवता. पहिल्या घरातल्या 'क'चा 'त', तिसऱ्या घरातल्या 'ग'चा 'द'. म्हणून बेळगावची मिठाई कुंदा 'तुंदा', गाडी 'दाडी', आणि अक्कांकडचा तांदूळ, म्हणजे अक्कि, 'अत्ति'. शब्द दोन भाषांचे, नियम एकच. 'क' म्हणताना जिभेचा मागचा भाग वर उचलून मऊ टाळूला टेकवावा लागतो. 'त'ला टोक दातांना लागलं की झालं. लहान मुलांना टोक आधी साधतं.

कान मात्र जिभेच्या बरेच पुढे असतात. मी मुद्दाम विचारलं, "तुंदा पाहिजे?" ती चिडली. "तुंदा नाही! तुंदा!" बोबडा शब्द तिला स्वतःच्या तोंडी चालतो, माझ्या तोंडी नाही. मुलांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी 1960 मध्ये नेमकं असंच एक मूल नोंदवलं होतं. ते माशाला 'फिश'ऐवजी 'फिस' म्हणायचं, पण मोठ्यांनी 'फिस' म्हटलेलं त्याला मान्य नव्हतं.

मूल चार वर्षांचं झाल्यावरही परक्या माणसाला त्याचं बोलणं कळत नसेल, तर आधी कान तपासून घ्यावेत आणि मग स्पीच थेरपिस्टकडे जावं. तिथं दोन्ही भाषांतलं बोलणं ऐकवावं. उच्चाराची खरी अडचण असेल तर ती दोन्हींकडे दिसते. कन्नड घरातलं मूल मराठी 'चाक' म्हणताना 'चित्रा'तला 'च' वापरत असेल, तर तो दोष नव्हे. 'चाका'तला 'च' त्याच्या भाषेत नाहीच. आणि घरातली एक भाषा बंद केल्यानं जीभ सुधारत नाही, अक्कांशी होणाऱ्या गप्पा तेवढ्या थांबतात.

परवा सकाळी कठड्यावरून आवाज आला, "आज्जी, कावला!" मी कान देऊन थांबले. अक्कांनी विचारलं. "कागे!" ओळ दोन्ही भाषांत एकदमच जागेवर आली होती. 'ळ' तेवढा यायचा आहे.