दोन मिनिटांच्या फोनोग्राफवर चार मिनिटांचं गाणं

एडिसनचा फोनोग्राफ म्हणजे तबकडीऐवजी सिलिंडर वाजवणारं यंत्र. त्याचा मेणाचा सिलिंडर जेमतेम दोन मिनिटं वाजायचा. त्यावर इंचाला १०० चर असत. १९०८ मध्ये ॲम्बेरॉल सिलिंडर आला. आकार तोच, वेगही तोच, मिनिटाला १६० फेरे. चर मात्र इंचाला २००, म्हणून गाणं चार मिनिटांचं. ज्यांच्या घरी आधीच यंत्र होतं त्यांच्यासाठी गिअरचा एक जोडसंच निघाला, सोबत नवा रिप्रोड्यूसर, म्हणजे चरावर टेकून आवाज काढणारा भाग. जुनी यंत्रं आजही हाती लागतात, पण सुटा आणि पूर्ण जोडसंच फार दुर्मीळ. शिवाय ‘स्टँडर्ड’ मॉडेलचा संच ‘होम’ मॉडेलला बसत नाही.

ग्रामोफोनची सुई तबकडीच्या चरातूनच पुढे सरकते. फोनोग्राफमध्ये तसं नाही. इथे रिप्रोड्यूसर एका गाड्यावर बसतो आणि इंचाला १०० आटे असलेला फीड स्क्रू त्या गाड्याला ओढतो. सिलिंडरच्या एका फेऱ्यात गाडा ०.२५४ मिलिमीटर जातो. ॲम्बेरॉलला याच्या निम्मी चाल हवी. म्हणून जोडसंच सिलिंडरचा वेग तसाच ठेवून फीड स्क्रूचे फेरे तेवढे निम्मे करतो.

हे गिअर खरोखर बदलतात का, ते तपासणं सोपं आहे. सिलिंडर न चढवता, रिप्रोड्यूसर उतरवून, मँड्रेलच्या, म्हणजे सिलिंडर ज्यावर चढतो त्या नळकांड्याच्या, कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवा आणि मिनिटाला १६० फेरे पडेपर्यंत वेग जुळवा. आता गाडा फीड स्क्रूवर टेकवून पट्टी धरा. मिनिटभरात तो दोन मिनिटांच्या गिअरवर सुमारे ४०.६ मिलिमीटर सरकला पाहिजे, चारच्या गिअरवर २०.३. चाल अडखळली तर बहुधा आत शंभर वर्षांचं वंगण घट्ट झालेलं असतं. ते साफ करून शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब पुरतो. चाल बरोबर असूनही वाजवताना तीच ओळ पुन्हा पुन्हा येत असेल, तर स्क्रूवर टेकणारी अर्धी नट झिजली आहे का ते पाहा. तिची स्प्रिंग आवळून भागवू नका, त्याने फीड स्क्रूचे आटे जातात. आणि गिअर नेहमी यंत्र थांबवूनच बदलायचा.

खरं नुकसान मात्र गिअरने नव्हे, चुकीच्या रिप्रोड्यूसरने होतं. रिप्रोड्यूसरचं चरावर टेकणारं टोक नीलमाचं असतं. ‘मॉडेल सी’ रिप्रोड्यूसरचा नीलम रुंद असतो, दोन मिनिटांच्या चरात नीट बसतो. तोच ॲम्बेरॉलवर टेकवला की एका चरात मावत नाही, शेजारच्या चरांच्या कडाही घासतो. आवाज या चरांच्या तळाच्या चढउतारातच कोरलेला असतो, म्हणजे जे घासलं जातं ते गाणंच. एकदा गेलेलं परत येत नाही. ॲम्बेरॉलसाठी ‘मॉडेल एच’चा अरुंद नीलम हवा. ‘मॉडेल के’मध्ये दोन्ही नीलम असतात, फिरवून हवा तो पुढे घ्यायचा, अख्खा आणि न टवका उडालेला ‘के’ मिळाला तर सोडू नये. नीलमाची कड भिंगाखाली बघितल्याशिवाय मेणावर ठेवूच नये, कारण टवका उडालेला नीलम पटाशीसारखा मेण तासतो. आवाज चिरकत असेल तर दोष बहुतेक वेळा रिप्रोड्यूसरमधल्या थरथरणाऱ्या पडद्याभोवतीच्या कडक झालेल्या रबरी कड्यांचा असतो. त्या बदलता येतात.

मेणाचा सिलिंडर बाहेरून मुठीत धरू नका. आत दोन बोटं घालून, ती पसरून उचला. थंड सिलिंडर हाताच्या उबेनेसुद्धा तडकतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. ती पुसली तरी तिने खाल्लेल्या जागी खरखर कायम राहते.

१९१२ पासूनचे ब्लू ॲम्बेरॉल सेल्युलॉइडचे, आतून प्लास्टरचे. त्यांनाही २०० चरांचाच गिअर लागतो, पण रिप्रोड्यूसर हिऱ्याच्या टोकाचा. तो हिरा मेणावर चुकूनही टेकवू नये. या सिलिंडरांचं प्लास्टर दमटपणाने फुगतं आणि सिलिंडर मँड्रेलवर अर्ध्यातच अडतो. दाबून बसवलात तर सेल्युलॉइड चिरतं. गोल दांड्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून प्लास्टर आतून हलकेच घासा, भुकटी झटका, पुन्हा चढवून बघा, आणि हाताने सहज बसेपर्यंत असंच थोडं थोडं करत राहा.