वायफायवरील आवाज-व्हिडिओ प्राधान्य

वायफायवरून जाणाऱ्या सगळ्या माहितीत कॉलचा आवाज आणि व्हिडिओ यांना आधी वाट करून देण्याची पद्धत. वायफाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेने 2004 मध्ये ती 'डब्ल्यूएमएम' नावाने बाजारात आणली. 2005 मध्ये अभियंत्यांची संस्था आयईईई हिच्या 802.11ई या वायफाय मानकात ती पक्की झाली.

गणपतीला चाकरमानी गावी उतरले की कोकणातल्या घरात एकाच राउटरवर पंधरा-वीस फोन येतात. माजघरात आरती चालू असते, कोणीतरी ती दुबईतल्या भावाला व्हिडिओ कॉलवर दाखवतो, आणि ओटीवरचे फोन सकाळचे फोटो गुपचूप अपलोड करत असतात. भावाला टाळ ऐकू येतात, शब्द तुटतात. फोटो अर्ध्या मिनिटाने उशिरा गेला तर कोणाचे काही अडत नाही. बोलण्याला मात्र एका बाजूने होणारा उशीर शक्यतो 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.114 शिफारस आहे. जी.711 या जुन्या कोडेकमध्ये (आवाज आकड्यांत बदलण्याच्या पद्धतीत) आवाजाला सेकंदाला 64 किलोबिट पुरतात, दर 20 मिलिसेकंदांनी एक छोटे पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा. म्हणजे कॉलला हवी असते ती वेळेवर पाळी.

एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे, हा वायफायचा नियम. प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेते, थोडे थांबते, मग मनात धरलेला आकडा उलटा मोजून पाठवते. डब्ल्यूएमएम इथेच हात घालते. आवाज, व्हिडिओ, सामान्य आणि पार्श्वभूमी अशा चार रांगा करून आवाजाला सुरुवातीला 0 ते 3 मधला आकडा मिळतो, सामान्य रांगेला 0 ते 15 मधला. आवाजाची पाळी हमखास नव्हे, पण बहुतेक वेळा आधी येते.

कोणत्या रांगेत जायचे हे पॅकेटवरच्या खुणेवरून ठरते; ती चुकली तर हे सगळे वाया जाते. आवाजाची रूढ खूण म्हणजे 46 हा आकडा. अनेक यंत्रे तिचे पहिले तीनच बिट (शून्य-एकचे अंक) वाचतात, आणि आवाज व्हिडिओच्या रांगेत जाऊन उभा राहतो. 2018 च्या आरएफसी 8325 या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजाने हा घोळ दाखवून दुरुस्ती सुचवली.

जांभ्याच्या जाड भिंतींचे घर असेल तर आणखी एक अडचण. मागच्या पडवीतल्या फोनला रेंज कमी मिळते, तो संथ गतीने बोलतो आणि तेवढाच फोटो पाठवायला चॅनेल कितीतरी जास्त वेळ अडवून ठेवतो. त्याची पाळी संपेपर्यंत आवाजालाही थांबावेच लागते. अशा घरात माजघरापर्यंत केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे यंत्र) बसवणे हा माझ्या मते पहिला उपाय, रांगा त्यानंतर.

डब्ल्यूएमएम फक्त हवेतला प्रवास सांभाळते. राउटरपासून पुढची लाइन अपलोडने तुंबली असेल, तर राउटरमध्येच अपलोडची मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगाच्या थोडी खाली ठेवावी, म्हणजे रांग राउटरच्या हातात राहते आणि त्याला कॉल पुढे सोडता येतो. वेग वाढेल या आशेने डब्ल्यूएमएम बंद करू नये. 802.11एन या वायफाय पिढीच्या आणि त्यापुढच्या यंत्रांना ती लागतेच. ती नसेल तर बहुतेक यंत्रे जुन्या 54 मेगाबिटांच्या वेगावर उतरतात.